तापलं की पुन्हा सुरू न होणारं चेनसॉ मशीन: बिघाड गार व्हायच्या आत पकडा

सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला सुरू होतं. अर्धा-पाऊण तास ओंडके सरासर कापतं. मग घाम पुसायला, चेन ताणायला किंवा कापलेलं बाजूला ओढायला म्हणून बटण बंद केलं की संपलं. पाच मिनिटांनी दोरी ओढा, वीस वेळा ओढा, खांदा निखळायची वेळ येते आणि मशीन खोकतसुद्धा नाही. वैतागून सावलीत टाकून द्यावं, तासाभराने परत यावं, तर पहिल्याच दोरीला असं गुरगुरतं की मधे काही घडलंच नव्हतं.

हा खेळ मी दोन हंगाम सोसला. तीनदा दुरुस्ती झाली. एकदा नवा प्लग, एकदा आख्खा कार्बोरेटर, एकदा कार्बोरेटरचं किट आणि वर ठिणगी देणारी इग्निशन कॉइल. दर वेळी आठ-पंधरा दिवस मशीन छान चाललं आणि मग पुन्हा तेच रडगाणं. शेवटी दोष निघाला तो अंगठ्याएवढ्या रबरी तुकड्यात. त्या तुकड्याला कार्बोरेटरच्या प्रत्येक दुरुस्तीत हात लागला होता, नजर मात्र कुणाचीच गेली नव्हती. ती गोष्ट पुढे येईलच, पण ती समजायला आधीच्या चाचण्या समजायला हव्यात.

मिस्त्रीकडे मशीन नेलं की एकच संवाद व्हायचा. तो दोरी मारायचा आणि म्हणायचा, "हे बघा साहेब, एका दोरीत. कुठं काय झालंय?" त्याला दोष देऊन उपयोग नाही. मशीन त्याच्या बाकावर पोचेपर्यंत गार झालेलं असायचं, आणि तापल्यावरचा बिघाड गार मशीनमध्ये नसतोच. मग तो अंदाजाने काहीतरी बदलणार आणि आपण पैसे देणार. म्हणून या लेखातल्या सगळ्या चाचण्या जागेवर, सरपणाच्या ढिगाशेजारी करायच्या आहेत. मशीन रुसल्यापासूनची पहिली दहा मिनिटंच काय ती कामाची.

त्यासाठी एक छोटा डबा सोबत ठेवा: प्लगपाना, चालू असल्याची खात्री असलेला एक जादा प्लग, स्क्रू ड्रायव्हर, चिंधी आणि झाकणाच्या बाटलीत थोडं पेट्रोल-तेलाचं मिश्रण, सोबत ड्रॉपर. हातमोजेही असू द्या, सायलेन्सरने एकदा चटका दिला की चाचणीचा क्रम डोक्यातून उडतो.

आधी या दोन चुका टाळा

पहिली: मशीन फुल रेसवर कापत असताना एकदम बटण बंद करणे. या इंजिनाला गार करतो तो फ्लायव्हीलवरचा, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकावरचा पंखा. इंजिन थांबलं की पंखाही थांबतो आणि सिलेंडरमधली धग शेजारच्या कार्बोरेटरकडे सरकते. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात, त्यामुळे कार्बोरेटरच्या बारीक वाटांमध्ये पेट्रोलऐवजी वाफ भरते. बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट नुसतं आयडलवर, म्हणजे रेस न देता, चालू द्या. या एका सवयीने बऱ्याच जणांचा "बिघाड" तिथेच मिटतो.

दुसरी: तापलेल्या मशीनला चोक देणे, म्हणजे हवा अडवून पेट्रोल वाढवणे. गार इंजिनाला चोक लागतो, तापलेल्याला नाही. सुरू होत नाही म्हणून चोक ओढला, मग अजून दोऱ्या मारल्या, की आत पेट्रोलचा पूर येतो आणि मूळचा दोष काय होता हे शोधायची वाटच बंद होते. काही मशीनमध्ये सुरुवातीची रेस चोकच्या दांड्यावरच असते; तिथे दांडा ओढून पुन्हा आत ढकलला की रेस तेवढी राहते, चोक निघून जातो.

हे दोन्ही नीट करूनही त्रास होतोय? मग पुढे वाचा.

पहिली चाचणी: टाकीचं झाकण

टाकीतलं पेट्रोल जसं कमी होतं तशी आत हवा यायला हवी. त्यासाठी एक बारीक व्हेंट असतो, आणि भुसा-तेलाच्या चिकट्याने तो बुजतो. आत पोकळी तयार होते, कार्बोरेटरला पेट्रोल ओढवत नाही आणि इंजिन हळूहळू उपाशी मरतं. झाकण सैल केल्यावर हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि लगेच मशीन सुरू झालं, तर चोर सापडला.

पण इथे एक इशारा, आणि तो गंमत म्हणून वाचू नका. तापलेल्या टाकीत उलटा प्रकारही होतो. आतली वाफ दाब धरून बसते आणि झाकण उघडताच पेट्रोलचं कारंजं अंगावर येतं. याने माणसं भाजलेली आहेत. टाकी निम्म्याहून जास्त भरलेली असेल आणि मशीन तापलेलं असेल, तर ही चाचणी त्या दिवशी सोडून द्या. एरवीसुद्धा झाकणावर चिंधी धरा, तोंड लांब ठेवा, अगदी सावकाश पाव फेरा फिरवा. हवा बाहेर येतेय असं वाटलं की पुन्हा आवळा आणि थांबा. जवळपास विडी, चूल, शेकोटी काहीही नको.

हवा बाहेर आली हीसुद्धा माहितीच आहे. दाबाखालचं पेट्रोल कार्बोरेटरच्या झिजलेल्या सुईतून पुढे सरकतं आणि बंद मशीनमध्ये पूर येतो. ते प्लग काढल्यावर कळेलच.

दुसरी चाचणी: ठिणगी, पण शहाणपणाने

सगळे करतात ते असं: प्लग काढायचा, कॅपमध्ये बसवायचा, सिलेंडरला टेकवायचा आणि दोरी ओढायची. अडचण अशी की प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि शेजारीच ठिणगी पडत असते. मी स्वतः भुवया गमावून शिकलो. त्याऐवजी मूळ प्लग जागेवरच राहू द्या, फक्त कॅप काढा. कॅपमध्ये जादा प्लग बसवा, तो सिलेंडरच्या पंखांना टेकवून धरा आणि दोरी ओढा. भोक बंदच राहतं.

उघड्या हवेत ठिणगी दिसली म्हणजे कॉइल निर्दोष असं नाही. सिलेंडरमधल्या दाबाखाली ठिणगी उडायला जास्त जोर लागतो. म्हणून मी एका जुन्या प्लगचा गॅप उघडून ४ मिमी केलाय. एवढं अंतर ठिणगीने तापलेल्या अवस्थेत ओलांडलं की कॉइलवरचा संशय सोडायचा.

ठिणगी नसेल तरी लगेच कॉइल बदलू नका. कॉइलपासून स्टॉप बटणाकडे जाणारी वायर आधी सोडवा आणि पुन्हा बघा. ही वायर कुठेतरी घासून तिचं प्लास्टिक गेलेलं असतं, इंजिन तापलं, भाग थोडे सरकले, की ती धातूला टेकते आणि ठिणगी मरते. दोन रुपयांच्या वायरपायी कॉइल बदलणारे मी पाहिलेत. मात्र वायर सुटी असताना मशीन सुरू झालं तर बटणाने बंद होणार नाही, चोक ओढून बंद करावं लागेल हे लक्षात असू द्या.

वायर सोडवूनही तापल्यावर ठिणगी नाही, गार झाल्यावर आहे, तर कॉइलच. खात्री हवी असेल तर घरी कॉइलला केस वाळवायच्या ड्रायरने धग द्या आणि मग ठिणगी बघा. नवी कॉइल बसवताना फ्लायव्हीलच्या चुंबकापासूनचं अंतर साधारण ०.३ मिमी, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड मधे घालून आवळायचं.

तिसरी चाचणी: प्लग ओला की कोरडा

आता मूळ प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास, तर पूर. प्लग पुसा, बटण बंदच ठेवा, मशीन उलटं धरून प्लगशिवाय पाच-सहा दोऱ्या मारा, प्लग बसवा, बटण चालू, चोक अजिबात नको, फुल रेस, आणि ओढा. वारंवार असंच होत असेल तर कार्बोरेटरची सुई आणि तिचा छोटा दांडा तपासायची वेळ आलीय.

कोरडा असेल तर भोकात मिश्रणाचे चार-पाच थेंब सोडा, सांडलेलं पुसा, प्लग बसवून दोरी ओढा. इंजिन दोन सेकंद धडधडून मेलं तर ठिणगी आणि दाब दोन्ही ठीक, पेट्रोल पोचत नाही. आता व्हेंट, टाकीतला फिल्टर, पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरमधली जाळी हे पहिले संशयित. नळी नुसती बघून चालत नाही. वाकवून, ताणून बघा. तडा तेव्हाच तोंड उघडतो.

चौथी: दाब

यासाठी मीटर नसला तरी चालतं. बटण बंद, प्लग जागेवर, आणि दोरीच्या मुठीला धरून मशीन लोंबकळू द्या. निरोगी इंजिन टप्प्याटप्प्याने, अडखळत खाली येतं. भसकन खाली आलं तर दाब गेलाय. गार असताना एकदा आणि तापल्यावर एकदा असं करून फरक बघा. मीटर असेल तर १५० पीएसआयच्या आसपास तब्येत चांगली समजा. १०० च्या खाली गेलेलं इंजिन तापल्यावर सुरू करणं म्हणजे नशिबाचा भाग.

दाब कमी वाटला तर सायलेन्सरचे बोल्ट सोडा आणि भोकातून पिस्टन बघा. उभे ओरखडे सायलेन्सरच्या बाजूला असतील तर मिश्रणात तेल कमी पडलंय किंवा हवा जास्त होतेय. कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर फाटक्या एअर फिल्टरमधून माती आत गेलीय. ओरखडे पाहिल्यावर पुढचं वाचण्यात अर्थ नाही असं समजू नका, उलट कारण सापडल्याशिवाय नवा पिस्टन टाकलात तर तोही असाच जाईल.

माझ्या मशीनची गोष्ट

माझ्याकडे तिसरी सोडून बाकी चाचण्या पास व्हायच्या. व्हेंट साफ, ठिणगी दमदार, दाब बरा. प्लग कोरडा असायचा आणि थेंब टाकले की इंजिन धडधडून मरायचं. पेट्रोल पोचत नाही म्हणून कार्बोरेटर बदलला, आणि मशीन बरं झालं. पंधरा दिवस.

एक लक्षण मी दोन वर्षं ऐकत होतो पण त्याचा अर्थ लावत नव्हतो. रेस सोडल्यावर इंजिनाचा आवाज लगेच खाली येत नव्हता, क्षणभर वरच रेंगाळायचा. आणि आयडलवर असताना मशीन डाव्या कुशीवर कललं की आवाज चढायचा. ही कुठून तरी चोरून हवा आत शिरत असल्याची खूण आहे. पेट्रोल कमी पडत नव्हतं, हवा जास्त होत होती. हवा जास्त म्हणजे इंजिन जास्त तापणार, जास्त तापलं म्हणजे रबर मऊ पडून फट अजून उघडणार. गार झाल्यावर फट मिटते आणि मिस्त्रीच्या बाकावर सगळं आलबेल.

चेनसॉच्या कार्बोरेटरमध्ये मोटारसायकलसारखी पेट्रोलची वाटी नसते, पातळ पडदे असतात. क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीतला, कमी-जास्त होणारा दाब एका बारीक नळीने या पडद्यापर्यंत जातो आणि तो पडदाच पंपासारखा पेट्रोल ओढतो. त्यामुळे मशीन आडवं-तिडवं-उलटं कसंही धरलं तरी चालतं. पण त्यामुळेच क्रँककेसला कुठेही फट पडली की दुहेरी मार बसतो: हवा वाढते आणि पंपाचा जोरही उतरतो.

ही फट शोधायला एक उपकरण घरी केलं, आणि वर्कशॉपमधल्या माझ्या सगळ्या खटाटोपांत हेच सर्वांत उपयोगी ठरलं. रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ घ्या, कापडी पट्टा टाकून द्या. कार्बोरेटर काढा, सायलेन्सर सोडून त्याच्या तोंडावर जाड रबराचा तुकडा ठेवून पुन्हा आवळा. कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या आखूड रबरी नळीचं, म्हणजे बुटाचं, तोंड रबरी बुचाने बंद करा. प्लग जागेवर. आता जिथून कार्बोरेटरच्या पडद्याकडे जाणारी बारीक नळी निघते, तिथे फुग्याची नळी जोडा आणि हवा भरा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बहुधा ०.५ बारचा दाब सांगतात. रक्तदाबाचं घड्याळ ३०० पर्यंत जातं, म्हणजे ०.४ बार, घरच्या कामाला पुरेसं आहे. काटा अर्धा मिनिट जागचा हलता कामा नये. कॉम्प्रेसरची नळी मात्र लावू नका, त्या दाबाने क्रँकच्या दांड्याभोवतीचे रबरी सील बाहेर उडतील.

एक बारकावा असा की पिस्टन अगदी वर असतानाच इनटेकचं, म्हणजे मिश्रण आत यायचं, भोक क्रँककेसकडे उघडतं. तेव्हा बूट तपासायचा तर पिस्टन वर आणूनच. मी पहिल्यांदा पिस्टन खाली ठेवून तपासलं, काटा हलला नाही, आणि एक अख्खा रविवार चुकीच्या खात्रीत घालवला.

पिस्टन वर आणल्यावरही काटा २५० वर ठाम! गार होतं ना मशीन. मग ड्रायरने बुटाला धग दिली. काटा तसाच. शेवटी बूट हाताने थोडा बाजूला ओढला, आणि काटा सरळ खाली बसला. साबणाचं पाणी लावलं तर बूट आवळणाऱ्या क्लॅम्पच्या काठाशी बुडबुडे. नखाएवढी चीर होती, क्लॅम्पखाली लपलेली.

बूट सतत हलतो याचं कारण मशीनच्या रचनेतच आहे. हाताला झिणझिण्या येऊ नयेत म्हणून इंजिन एका बाजूला आणि मुठी-टाकी दुसऱ्या बाजूला, मधे स्प्रिंगा किंवा रबर असतात. बऱ्याच मशीनमध्ये कार्बोरेटर मुठीच्या बाजूला बसतो, आणि या दोन हलत्या भागांना जोडणारा तो बूट. कापताना जोर दिला की तो दर वेळी वाकतो.

आता त्या दुरुस्त्यांचं कोडं सुटलं. कार्बोरेटर बदलायचा म्हणजे बूट काढून पुन्हा बसवायचा. दर वेळी चिरेचे काठ थोडे वेगळे बसायचे, क्लॅम्प नव्याने आवळला जायचा आणि काही दिवस फट बंद व्हायची. बिचाऱ्या नव्या कार्बोरेटरने काहीच केलं नव्हतं. माझा जुना कार्बोरेटर साफ करून परत चढवलाय, आजही तोच चालतोय.

बुटात दोष नसेल तर क्रँकचे दोन सील, बारीक नळी आणि सिलेंडरच्या बुडाची गॅस्केट, याच क्रमाने साबणाचं पाणी लावत जा. सीलबद्दल एवढंच की काही सील आतून फुगवल्यावर धरतात आणि आतली हवा ओढल्यावर सोडतात. सीलवर संशय असेल तर हातपंपाने हवा ओढूनही बघा.

सरकारने पेट्रोलमध्ये घातलेली भर

रबराला चीर गेली ती वयाने, हे मान्य. पण बुटाबरोबर पेट्रोलची नळीही चिकट, फुगलेली निघाली आणि कार्बोरेटरचा पडदा पापडासारखा कडक. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, मिसळलेलं असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. नव्या मशीनचं रबर वेगळं असतं, जुन्यांनी काय करायचं याचं उत्तर कुठल्याही परिपत्रकात नाही.

आकडे बघा. शुद्ध पेट्रोल जाळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. १० टक्के मिसळलं तर हे प्रमाण १४.१ वर येतं, २० टक्क्यांना साधारण १३.५ वर. गाडीत सेन्सर असतो, तो पेट्रोल वाढवून घेतो. चेनसॉमध्ये सेन्सर म्हणजे आपला कान. कार्बोरेटरवरचे पेट्रोल कमी-जास्त करायचे स्क्रू होते तिथेच राहिले आणि पंपावरचं पेट्रोल बदललं, तर मिश्रण आपोआप ४ ते ८ टक्के हवेकडे झुकतं. बहुतेक छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी असते. अमेरिकेत पंपावर १० टक्के मिळतं, भारतात २०, ब्राझीलमध्ये २०१५ पासून २७ आणि २०२५ पासून ३०. धोरण ठरवताना गाड्यांचा विचार झाला असेल, सरपण कापणाऱ्याचा कुणी केला असेल असं वाटत नाही.

बरं, स्क्रूने पेट्रोल वाढवावं म्हटलं तर स्क्रूवर टोप्या! अमेरिकेत १९९० च्या दशकात छोट्या इंजिनांना धुराचे नियम लागले, तेव्हापासून स्क्रू ठरावीक मर्यादेपलीकडे फिरू नये म्हणून या टोप्या आल्या. म्हणजे एका नियमाने पेट्रोल पातळ केलं आणि दुसऱ्याने ते दाट करायला मनाई केली. दोन्ही खात्यांनी एकमेकांना विचारलं असतं तर! तरी न्यायाने बोलायचं तर धुराचा नियम उगाच नाही. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोकमध्ये आत आलेल्या ताज्या मिश्रणाचा पाव ते एक तृतीयांश भाग न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतो. कापणाऱ्याच्या नाकात पहिला जातो तो.

टोपीच्या मर्यादेत राहूनही थोडं जुळवता येतं. फुल रेसवर, काही न कापता, इंजिनाचा आवाज जरा फाटका, बुडबुडता यायला हवा. ओंडक्यात चेनची पट्टी घातली की तोच आवाज स्वच्छ आणि सलग व्हावा. मोकळ्यावरच तारस्वर लागत असेल तर हवा जास्त आहे. फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा 'एच' स्क्रू किंचित बाहेर फिरवा. पण हे हवेची फट बंद केल्यावरच. फट ठेवून स्क्रूने भरपाई करणं म्हणजे गळक्या घागरीत जास्त पाणी ओतणं.

तुमच्या पेट्रोलमध्ये खरोखर किती इथेनॉल आहे हे घरी मोजता येतं. खुणा असलेल्या काचेच्या नळीत १० मिलि पाणी आणि ९० मिलि पेट्रोल घ्या, हलवा, स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. तो २८ वर गेला तर १८ मिलि इथेनॉल, म्हणजे ९० पैकी १८, म्हणजे २० टक्के. काही जण याच युक्तीने पाण्याने धुतलेलं पेट्रोल मशीनमध्ये घालतात. मी घालत नाही. इथेनॉलबरोबर ऑक्टेनही, म्हणजे पेट्रोलची न ठोकता जळायची ताकद, उतरतं आणि ओल मागे राहते.

ओल हा या पेट्रोलचा दुसरा ताप. १० टक्क्यांचं पेट्रोल लिटरमागे साधारण ५ मिलि पाणी विरघळवून ठेवू शकतं. त्याहून जास्त झालं, किंवा गारठा पडला, की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. टाकीतला फिल्टरही तळालाच लोळत असतो, आणि तेल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये. म्हणजे इंजिन ओढतं ते तेलाविनाचं पाणीमिश्रित. म्हणून ५० ला १ चं मिश्रण, लिटरला २० मिलि तेल, महिनाभरात संपेल एवढंच करा आणि डबा गच्च बंद ठेवा. महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करून आयडलवर आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. बंद डब्यात इथेनॉल नसलेलं अल्किलेट इंधन मिळत असेल तर निदान हंगामाचा शेवट त्यावर करा. महाग असतं, पण ते वर्षभर ठेवलं तरी बिघडत नाही.

धग वाढवणाऱ्या साध्या गोष्टी

कडक वाळलेलं, गाठीचं लाकूड कापताना पीठ पडतं, ते चेनच्या तेलात भिजून सिलेंडरच्या पंखांमध्ये चिखलासारखं बसतं. बाहेरचं झाकण काढून लाकडी काडीने ते खरवडा. माझ्याकडे एका बाजूचे निम्मे पंख अक्षरशः बुजले होते. जळणासाठीचं लाकूड शक्यतो ओलं असतानाच तुकडे करून, फोडून वाळत घालावं हेही त्यातूनच शिकलो. कापायलाही हलकं जातं आणि उभं फोडलेलं लवकर वाळतं.

चेनला धार नसेल तर इंजिन कापत नाही, घासतं. आजची चेन लाकडाची ढलपी काढते. जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये ओंडका पोखरणारी अळी डावी-उजवीकडे कशी कुरतडते ते पाहिलं आणि तिच्या जबड्यावरून हे दात केले. ढलपीऐवजी पीठ पडू लागलं की तिथेच थांबून कानस काढा. बोथट चेनवर रेटून तापवलेल्या मशीनला वरच्या चाचण्या लावण्यात अर्थ नाही.

आता

नवा बूट बसवून एक हंगाम झाला. बंद करतो, डबा खातो, येतो, चोक न देता दुसऱ्या दोरीला सुरू. जुना बूट बाकावरच्या खिळ्याला अडकवलाय. कुणी कार्बोरेटर बदलायच्या गोष्टी करू लागलं की त्याच्या हातात देतो आणि वाकवून बघायला सांगतो.

फक्त एक लफडं राहिलंय. स्वतःच्याच जागेतली दोन वाळकी झाडं तोडायला रीतसर परवानगी काढली होती. मुदत ३० दिवसांची. त्यातले १९ दिवस मशीन बाकावर पडून होतं, एक झाड कसंबसं आडवं झालं आणि बूट सापडायच्या आधीच मुदत संपली. दुसऱ्या झाडासाठी पुन्हा तीच कागदपत्रं, तोच अर्ज. त्यात 'विलंबाचे कारण' असा एक रकाना आहे. मी लिहिलंय, 'इनटेक बुटास चीर, तापल्यावरच दिसते.' खिडकीतल्या बाईंनी दोनदा वाचलं, म्हणाल्या, "याचा पुरावा जोडावा लागेल."

खिळ्यावरचा बूट उद्या घेऊन जातोय.